ठेव पावणेसातने, कर्ज सव्वाआठने: मोडू की ठेवू?

कुपवाडकर
नमस्कार मंडळी. प्रश्न जुना आहे, पण आकडे माझे आहेत म्हणून नवा धागा काढतोय. प्रशासकांना तो जुन्या धाग्याला जोडायचा असेल तर माझी हरकत नाही.

२०१८ साली विश्रामबागेत फ्लॅट घेतला. साडेअठरा लाखांचं कर्ज, १५ वर्षं मुदत, राष्ट्रीयीकृत बँक. आज १२ लाख बाकी आहेत, व्याज ८.२५ टक्के, हप्ता १७,९०० च्या वर थोडा, अजून साडेसात वर्षं जायची आहेत. दुसरीकडं एका सहकारी बँकेत माझी ६ लाखांची ठेव आहे, ती पुढच्या महिन्यात पिकतेय. परत ठेवली तर ६.७५ टक्के देतो म्हणाले.

मला सरळ वाटत होतं. सव्वाआठनं उचललंय, पावणेसातनं ठेवलंय, मग दीड टक्का फुकट का घालवा? सगळे सहा लाख कर्जात भरून टाकायचे. पण ठेवीच्या बँकेतल्या साहेबांनी मागच्या कोऱ्या कागदावर हिशोब मांडला आणि माझी मती गुंग झाली. सहा लाख कर्जात भरले तर पुढचं व्याज वाचतं ३ लाख २९ हजार. तेच साडेसात वर्षं ठेवले तर तिमाही चक्रवाढीनं व्याज मिळतं ३ लाख ९१ हजार. म्हणजे दर कमी असूनही ठेवच ६२ हजारांनी वर! "कर्जाचं व्याज उतरत्या बाकीवर असतं, ठेवीचं चढत्या बाकीवर," असं म्हणाले.

घरी येऊन कॅल्क्युलेटरवर बघितलं, आकडे बरोबर आहेत. मग मेख कुठं आहे? की मेख नाहीच?

वडिलांचं म्हणणं तिसरंच आहे, ते नंतर लिहितो.

भडंग_स्पेशल
मेख साहेबांच्या टार्गेटमध्ये आहे. मार्च तोंडावर आलाय. 😄

तंबोरा
+१

पुणेरी_सांगलीकर
ठेवपण नको आणि कर्जफेडपण नको. सहा लाख इंडेक्स फंडात (शेअरबाजाराच्या निर्देशांकाप्रमाणं चालणाऱ्या म्युच्युअल फंडात) टाका आणि विसरून जा. दीर्घ मुदतीत बारा टक्के कुठं गेले नाहीत. सांगलीत लोक अजून एफडीतच अडकलेत.

भडंग_स्पेशल
@पुणेरी, "विसरून जा" हे शेअरबाजारवाले फार प्रेमानं सांगतात. त्यांनी विचारलंय सुरक्षित परताव्याबद्दल. बारा टक्क्यांची हमी लिहून देताय का स्टॅम्पपेपरवर? मार्केट यार्डात भेटू, साक्षीदार मी आणतो.

दसादशे
साहेबांचे दोन्ही आकडे बरोबर आहेत. त्यांची एकमेकांशी तुलना चूक आहे.

सहा लाख भरून हप्ता तोच चालू ठेवला तर कर्ज नव्वदऐवजी साधारण ३८ महिन्यांत संपतं. म्हणजे उरलेले ५२ महिने दर महिन्याला १७,९०० रुपये तुमच्या खिशात राहतात. साहेबांच्या कागदावर हे पैसे कुठं आहेत? कुठंच नाहीत. ठेवीचे सहा लाख साडेसात वर्षं वाढतात, आणि वाचलेले हप्ते मात्र हवेत विरतात, असं धरून ते हिशोब करतात.

आता तेच हप्ते ३९ व्या महिन्यापासून आवर्ती ठेवीत टाका. दर तोच, ६.७५. साडेसात वर्षांच्या शेवटी तिथं जमतात सुमारे १० लाख ७४ हजार. ठेव तशीच ठेवली असती तर तिचे होतात ९ लाख ९१ हजार. दोन्हीकडं कर्ज संपलेलं, दोन्हीकडं तुम्ही महिन्याला तेवढेच पैसे बाजूला काढलेले. फरक ८३ हजार, आणि तो कर्जफेडीच्या बाजूनं.

पटत नसेल तर एक उलटतपासणी करा. ठेवीचा दर ६ टक्के धरा. साहेबांच्या पद्धतीनं तेव्हाही ठेवीचं व्याज येतं ३ लाख ३८ हजार, म्हणजे वाचणाऱ्या ३ लाख २९ हजारांपेक्षा जास्तच. सव्वाआठनं कर्ज काढून सहानं ठेवायचं आणि तरी फायदा होतो असं एखादी पद्धत सांगत असेल, तर त्या पद्धतीनं सगळी सांगली कर्ज काढून ठेवी ठेवत बसली असती.

व्याजाचे एकूण रुपये कधी तुलनेला घेऊ नयेत. एकीकडं मुद्दल तीन वर्षांत परत जातंय, दुसरीकडं साडेसात वर्षं अडकून बसतंय. जितका काळ जास्त तितके रुपये जास्त, यात दराचं कर्तृत्व काही नाही.

कुपवाडकर
@दसादशे, दंडवत. हे तीन वेळा वाचलं तेव्हा डोक्यात शिरलं. पण एक शंका. ३९ व्या महिन्यापासून तो हप्ता मी खरंच बाजूला टाकीन का? मुलगी तोपर्यंत बारावीत असेल.

मिरजेची_मावशी
हाच खरा प्रश्न आहे हो. दसादशे यांचा हिशोब शंभर टक्के बरोबर, पण तो शिस्तीच्या माणसाचा. मी सदतीस वर्षं बँकेत काढली, शेवटची काही कर्ज विभागात. कर्ज संपल्यावर त्याच महिन्यापासून आवर्ती ठेव सुरू करणारे खातेदार मी फार पाहिले नाहीत. गाडी घेणारे पाहिले. तसं झालं तर साहेबांचा कागद चुकीचा असूनही शेवटी शिल्लक ठेवीवाल्याकडंच दिसते, कारण त्याची सक्तीची बचत झालेली असते.

पण आधी मला सांगा, २०१८ चं कर्ज म्हणजे तुमचा दर एमसीएलआरला, म्हणजे बँक स्वतःच्या खर्चावरून ठरवते त्या दराला, जोडलेला असणार. बघितलंय का?

कुपवाडकर
मावशी, मंजुरीपत्रात "एमसीएलआर अधिक" असंच काहीतरी आहे. बघून सांगतो.

निशिगंध७७
आयकर कुणी धरलाच नाही. एफडीच्या व्याजावर कर लागतो, वाचलेल्या व्याजावर लागत नाही. तीस टक्केवाल्याला पावणेसातातले पावणेपाचच हातात पडतात. मग कशाला एवढी चर्चा?

दसादशे
@निशिगंध, मुद्दा बरोबर, पण तो ज्याच्या त्याच्या कराच्या पायरीवर आहे. वीस टक्क्यांच्या पायरीवरच्या माणसाला सेस धरून ६.७५ चे ५.३५ उरतात. वरच्याच उदाहरणात फरक मग ८३ हजारांवरून दीड लाखाच्या जवळ जातो. कुपवाडकर, पगार किती ते नका सांगू, पण १२ लाखांच्या आत का बाहेर?

कुपवाडकर
आत. साडेदहाच्या आसपास.

दसादशे
मग २०२५-२६ पासून नवीन करपद्धतीत तुम्हाला करच नाही. एफडीचं व्याज मिळवूनही १२ लाखांच्या आत राहता, सूट मिळते. टीडीएसची मर्यादाही आता वर्षाला ५० हजार आहे, तुमचं व्याज चाळीसच्या घरात, तोही कापला जाणार नाही. तुमच्यापुरता ८३ हजारांचाच आकडा धरा.

वाळवेकर
पण घरकर्जाची कर सवलत जाते ना? व्याजाला दोन लाख, मुद्दलाला ८०सी. माझा सीए दरवर्षी सांगतो, कर्ज फेडू नका, सवलत जाईल.

मिरजेची_मावशी
@वाळवेकर, राहत्या घराच्या व्याजाची ती सवलत जुन्या पद्धतीत. नवीन पद्धतीत नाही. आणि ज्याला करच लागत नाही त्याला सवलत कशातून मिळणार? शिवाय सवलत मिळाली तरी शंभर रुपये व्याज भरून वीस-तीस वाचवायचे, हा सौदा कर्ज ठेवायला पुरेसा नाही. ती दराची थोडी घट आहे एवढंच. तुम्ही वरच्या पायरीत असाल आणि जुनी पद्धत तुम्हाला खरंच परवडत असेल तर हिशोब निराळा, तुमच्या सीएंचं तेव्हा ऐका.

बेदाणा
तुम्ही सगळे सव्वाआठ, पावणेसात करताय. आमच्याकडं तासगावात या म्हणजे दाखवतो. सोसायटीचं पीककर्ज ३ लाखांपर्यंत वेळेत फेडलं तर शून्य टक्के. केंद्राची ३ टक्के आणि राज्याची पंजाबराव देशमुख योजनेतली सवलत मिळून व्याज निघून जातं. आणि तेच पैसे लोक काय करतात? ठेव! शून्यानं उचलायचं, पावणेसातनं ठेवायचं, वर्षाला वीस हजार बसल्या जागेवर. बाग बघायला जायलाबी नको.

भडंग_स्पेशल
सुरक्षित परतावा वजा कर्जाचा खर्च = २०,२५०. धागा संपला, बेदाणा यांना अर्थमंत्री करा.

बेदाणा
थांबा की राव, पुढं ऐका. मी हे करत नाही, कारण माझे पैसे खरंच बागेत जातात. औषधं, मजुरी, पॅकिंग, शेडचं भाडं. बेदाणा विकून पैसे यायच्या आधी सोसायटीचा मार्च येतो. मग नवंजुनं करायचं. म्हणजे जुनं कर्ज भरायचं आणि चार दिवसांनी नवं उचलायचं. ते चार दिवस तीन लाख आणायचे कुठनं? गावात एकजण देतो. चार दिवसाला शेकडा एक. तीन हजार मोजायचे.

दसादशे
चार दिवसाला शेकडा एक म्हणजे दसादशे ९१ टक्के.

बेदाणा
व्हय, पण ते नाही दिले तर वर्षभराची सवलत जाते आणि पहिल्या दिवसापासून व्याज लागतं. तीन लाखाला तीन हजार म्हणजे वर्षाचा एकच टक्का पडला, असं म्हणायचं आणि गप बसायचं.

सुप्रिया_व
बेदाणाभाऊ, म्हणजे ज्याला पैशाची गरज नव्हती त्यानं ठेवीत ठेवले, मार्चला ठेव मोडून फेडले, त्याला एक रुपया खर्च नाही. आणि ज्यानं खरंच पिकात घातले त्याला शेकडा एक. योजना कुणासाठी आणि पोचते कुणाला!

वाळवेकर
हे चूकच आहे. पीककर्ज पिकासाठी असतं. आमच्या करातून ती सवलत जाते.

बेदाणा
वाळवेकरसाहेब, करमाफी १२ लाखांपर्यंत तुम्हाला झाली तेव्हा आम्ही काय म्हणालो का? 😀

प्रशासक
इथं कर्जमाफी-करमाफीचा फड लावू नये. त्यासाठी वेगळा धागा आहे आणि तो कुलूपबंद आहे.

मारुतीचौक
सगळा हिशोब वाचला. दसादशे यांच्या गणिताबद्दल वाद नाही. पण मी सांगलीत पेठेत धंदा करतो. २०१९ च्या ऑगस्टात आयर्विन पुलापाशी कृष्णा सत्तावन्न फुटांवर गेली, धोक्याची पातळी तिथं पंचेचाळीस. माझ्या दुकानात माणूस बुडेल एवढं पाणी. माल गेला, फर्निचर गेलं, हिशोबाच्या वह्या लगदा होऊन हातात आल्या. पाणी उतरल्यावर पहिलं काम म्हणजे चिखल काढायला माणसं लावायची, त्यांना रोजच्या रोज रोख द्यायची. विमा कंपनीचा माणूस फोटो काढून गेला, पैसे यायला सहा महिने लागले.

त्या वेळी मी तरलो तो चार लाखांच्या एका ठेवीवर. मोडलीसुद्धा नाही. ठेवीवर कर्ज घेतलं, ठेवीच्या दरापेक्षा एक टक्का जास्त, कागदपत्र काही नाही, पावती दिली आणि दुसऱ्या दिवशी खात्यात पैसे. माझ्या शेजाऱ्यानं आदल्याच दिवाळीत सगळी शिल्लक घरकर्जात भरून टाकली होती. कर्ज हलकं झालं, पण पुरात हातात काही नाही. त्याच बँकेकडं टॉप-अप (चालू कर्जावर वाढीव कर्ज) मागायला गेला तर "दुकान चालू झाल्यावर या". शेवटी बायकोच्या पाटल्या ठेवल्या.

कर्जात भरलेला पैसा परत मागता येत नाही. ८३ हजार हे साडेसात वर्षांचे आहेत, महिन्याला हजाराच्या आत. तेवढं भाडं देऊन सहा लाख हाताशी ठेवायला मिळत असतील तर मला ते महाग वाटत नाही.

तंबोरा
दुसरी बाजू पहिल्यांदाच कुणीतरी नीट मांडली.

दसादशे
@मारुतीचौक, मान्य. फक्त तुमचं उत्पन्न धंद्याचं, त्यांचा पगार. हाताशी सहा महिन्यांचा खर्च आणि सहा हप्ते असावेत, याबद्दल माझा वाद नाही. सहाच्या सहा लाख ठेवायची गरज आहे का, एवढाच प्रश्न. ज्यांना दोन्ही हवं त्यांना ओव्हरड्राफ्ट पद्धतीचं घरकर्ज मिळतं. त्यात जादा पैसे ठेवले की तेवढ्यावर व्याज लागत नाही आणि लागतील तेव्हा काढताही येतात. दर थोडा जास्त असतो.

भडंग_स्पेशल
आणि काढताही येतात, म्हणजे काढलेच जातात. आमच्या मेहुण्यानं असं कर्ज घेतलंय. खात्यात पैसे कधीच नसतात, दारात मात्र बुलेट आहे.

किसानकनेक्शन
थोडं अवांतर. मला ट्रॅक्टरसाठी एका फायनान्सवाल्यानं "फक्त १० टक्के" दर सांगितलाय, पाच वर्षं. बँक साडेअकरा सांगते. फायनान्सवाला स्वस्त की!

मिरजेची_मावशी
सही करू नका! "१० टक्के फ्लॅट" म्हणालाय का विचारा. एक लाखाला पाच वर्षांचं व्याज ५० हजार धरतात आणि दीड लाख भागिले साठ, म्हणजे महिना अडीच हजार हप्ता करतात. मुद्दल दर महिन्याला कमी होत जातं, व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण लाखावर. उतरत्या बाकीनं तो दर सव्वासतरा टक्के पडतो. बँकेचे साडेअकरा त्याच्यापुढं कितीतरी स्वस्त. दर विचारूच नका, एक लाखाला महिन्याचा हप्ता किती आणि किती महिने, एवढंच दोघांना विचारा. वरून प्रोसेसिंग फी, विमा किती कापणार तेही.

किसानकनेक्शन
बापरे. आत्ता फोन केला. फ्लॅटच आहे. मावशी, तुम्ही तासगाव चौकात या, उसाचा रस माझ्याकडनं.

निशिगंध७७
मूळ धाग्यात एक गोष्ट राहिली. सहा लाख एकाच सहकारी बँकेत आहेत. ठेवविमा प्रत्येक ठेवीदाराला एका बँकेत ५ लाखांपर्यंतच, आणि तोही मुद्दल अधिक व्याज धरून. ४ फेब्रुवारी २०२० पासून पाच झाला, आधी १९९३ पासून एकच लाख होता. म्हणजे त्यांचे लाखभर रुपये आणि वरचं व्याज उघड्यावर आहे. "सुरक्षित" परतावा म्हणताना हे धरायला हवं.

वाळवेकर
पतसंस्था त्यापेक्षा टक्का-दीड टक्का जास्त देतात.

निशिगंध७७
पतसंस्थेला तो विमा लागूच नाही. एक रुपयाचासुद्धा नाही. तो टक्का-दीड टक्का त्याचाच आहे.

मारुतीचौक
जिल्ह्यात ज्यांच्या ठेवी वर्षानुवर्षं अडकल्या त्यांना विचारा. आमच्या गल्लीत एक रिटायर मास्तर आहेत, दर महिन्याला अवसायकाच्या (बुडालेल्या संस्थेची देणी भागवणाऱ्या अधिकाऱ्याच्या) कार्यालयात चक्कर मारायचे. नावं घेत नाही. २०२१ च्या दुरुस्तीनंतर निदान बँकांच्या बाबतीत विम्याचे पैसे ९० दिवसांत द्यायची तरतूद झाली, ते बरं झालं.

कुपवाडकर
एवढे प्रतिसाद बघून भरून आलं. आता दोन गोष्टी.

मावशी, कागद बघितले. एमसीएलआरच आहे. आज बँकेत जाऊन आलो. रेपोला (रिझर्व्ह बँक बँकांना कर्ज देते त्या दराला) जोडलेल्या दरावर बदलून घेता येतं म्हणाले, थोडं शुल्क आहे. आणि दर बसतो ७.६०!

दुसरं, वडिलांचं म्हणणं. हे सहा लाख गावाकडच्या जमिनीचे आहेत. पलूसकडं अडीच एकर होती, ती विकली तेव्हा त्यांनी ताईला आणि मला सारखे पैसे दिले. वडील आता ६७ वर्षांचे आहेत. ते म्हणतात, "जमीन गेली ती गेली, निदान तिचा आकडा तरी पासबुकात दिसू दे. बँकेच्या कर्जात घातलीस तर काय दिसणार?" दसादशे यांचं गणित मी त्यांना चहा पिता पिता समजावून सांगितलं. सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "बरोबर आहे. पण ठेव मोडू नको."

तंबोरा
😂😂 वडिलांना माझा नमस्कार सांगा.

मिरजेची_मावशी
बघा, आठ वर्षं त्याच दरावर बसला होतात! १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची नवी चलदराची (दर बदलत राहणारी) घरकर्जं बाहेरच्या दराशी, बहुतेक ठिकाणी रेपोशीच, जोडलेली आहेत. २०२५ च्या सुरुवातीला रेपो साडेसहा होता, डिसेंबरपर्यंत सव्वापाच झाला. रेपोवाल्यांचा दर तीन महिन्यांच्या आत खाली येतो, एमसीएलआरवाल्यांचा रांगत येतो. बदलून घेतला की १२ लाखांवर पहिल्याच वर्षी साडेसात-आठ हजार वाचले, ते थोडं शुल्क सोडलं तर खिशातला रुपया न घालता. ठेव मोडायची का नाही हा प्रश्न त्यानंतरचा. मात्र रेपो वर गेला की हा दरही तितक्याच झटपट वर जाईल, हे डोक्यात असू द्या.

दसादशे
आता फरक दीड टक्क्यावरून ०.८५ वर आला. मारुतीचौक यांची बाजू एकदम जड झाली.

मिरजेची_मावशी
आणि वडील ६७ वर्षांचे आहेत हे तुम्ही पहिल्याच पोस्टमध्ये सांगायला हवं होतं! ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत, पोस्टात किंवा बँकेत, २०२३ च्या एप्रिलपासून ८.२ टक्के मिळतात. केंद्र सरकारची योजना, पाच वर्षं, ३० लाखांपर्यंत. सहा लाखांना दर तिमाहीला १२,३०० रुपये वडिलांच्या खात्यात. तुमचं कर्ज ७.६, वडिलांची ठेव ८.२. उचलायचा दर खाली आणि ठेवायचा दर वर, आणि तेही सरकारी हमीनं. असं रोज होत नाही. पासबुकात आकडाही दिसतो.

पुणेरी_सांगलीकर
पण पैसे मुलाचे आहेत. वडिलांच्या नावावर कसे टाकणार?

मिरजेची_मावशी
मुलानं वडिलांना बक्षीस द्यायचे. वडिलांना त्यावर कर नाही, आणि पुढचं व्याज वडिलांच्याच उत्पन्नात धरतात, मुलाच्या नाही. बायकोच्या नावावर ठेवले असते तर ते मुलाच्या उत्पन्नात आलं असतं. साधं बक्षीसपत्र करून ठेवा आणि पैसे बँकेतूनच फिरवा. पण लक्षात घ्या, मग ते खरंच वडिलांचे झाले. आतून माझेच आहेत असं चालत नाही.

सुप्रिया_व
थांबा, इथं मला बोलायचंय. वडिलांनी बहिणीला आणि भावाला सारखे पैसे दिले, फार चांगलं केलं, आमच्या इस्लामपुरात मुलीला सहीपुरतं बोलावतात. पण आता भावाचे सहा लाख परत वडिलांच्या नावावर गेले तर उद्या वडिलांच्या माघारी त्यात ताईचाही हक्क येतो. नॉमिनी म्हणून भावाचं नाव घातलं तरी नॉमिनी हा फक्त पैसे स्वीकारणारा, मालक वारसच. ताई आज हसून "घे रे" म्हणेल. जावयाचं काय? कागदावर स्पष्ट असू द्या, वडिलांकडून मृत्युपत्र करून घ्या, आणि ताईला आत्ताच सांगा, नंतर कळायला नको.

भडंग_स्पेशल
व्याजदराच्या धाग्यात जावई आला म्हणजे धागा जुना झाला.

कुपवाडकर
@सुप्रिया, ताईला काल रात्रीच फोन केला. ती म्हणाली, "बाबांच्या नावावर ठेव, पण तिमाहीचे पैसे बाबांनीच खर्च करायचे, तुझ्या हप्त्यात घालायचे नाहीत." मृत्युपत्राचंही बोललो, वडील तयार आहेत.

दसादशे
ताईंनी सगळा हिशोबच बदलला की. व्याज वडील खर्च करणार असतील तर तुमच्या कर्जाशी त्या ८.२ चा संबंधच उरला नाही. ते वडिलांचं उत्पन्न झालं. (तक्रार नाही, चांगलंच आहे.)

निशिगंध७७
शिवाय ती पाच वर्षं अडकते. वर्षाच्या आत मोडली तर व्याज मिळतच नाही, दिलेलं असेल ते कापून घेतात. एक ते दोन वर्षांत दीड टक्का आणि त्यानंतर एक टक्का मुद्दलातून जातो. त्या खात्यावर कर्जही मिळत नाही. मारुतीचौक यांच्या पुराची गोष्ट इथं लागू होते. सगळे सहा तिथं नकोत.

कुपवाडकर
ठरलं ते असं. चार लाख वडिलांना, त्यांचं ज्येष्ठ नागरिक खातं. त्याचे तिमाही ८,२०० येतील. वडील म्हणतात त्यातून गुडघ्याची औषधं आणि आषाढीची वारी. उरलेले दोन लाख. घरात अडचणीला वेगळे दीडेक लाख आहेत, म्हणून हे दोन कर्जात भरणार. दर आधी बदलून घेणार, मग भरणार.

मारुतीचौक
मी दोनही हाताशीच ठेवले असते. पण घर तुमचं, हिशोब तुमचा.

वाळवेकर
एवढे प्रतिसाद वाचून शेवटी दोन लाख भरले! ते तर पहिल्या दिवशीच भरता आले असते.

भडंग_स्पेशल
@वाळवेकर, आणि सहकारी बँकेतल्या साहेबांचे सहाच्या सहा लाख गेले. त्यांच्या टार्गेटचं काय ते बघा.

कुपवाडकर
एक शेवटचं. दोन लाख भरताना बँक विचारते म्हणे, हप्ता कमी करायचा का मुदत. आणि दंड लागतो का?

मिरजेची_मावशी
चलदराच्या घरकर्जाला व्यक्तीसाठी मुदतपूर्व फेडीचा दंड नाही, रिझर्व्ह बँकेनं २०१२ सालीच तो बंद केलाय. कुणी मागितला तर लेखी मागा. अर्जात स्पष्ट लिहा, "हप्ता तोच ठेवून मुदत कमी करावी." तोंडी सांगून घरी येऊ नका. महिन्याचा हप्ता कापून गेल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भरा, म्हणजे नोंदी सरळ राहतात. आठवड्यानं परतफेडीचा नवा तक्ता मागून घ्या आणि त्यात बाकी दोन लाखांनी खाली आली का बघा. एकदा आमच्याच शाखेत पैसे कर्जखात्याऐवजी बचत खात्यात जमा झाले होते, त्या गृहस्थांना सात महिन्यांनी कळलं.

किसानकनेक्शन
मावशी, रसाचं लक्षात आहे ना? बँकेचं मंजूर झालं. साडेअकरानं.